समीकरण जुळवण्याआधी कण काढ

तू लिहिलं आहेस की संयुजांचा (कोणता अणू किती बंध जोडू शकतो त्याचा) तक्ता तोंडपाठ आहे, पुस्तकातली समीकरणं न बघता लिहिता येतात, पण अनोळखी अभिक्रिया समोर आली की हात थांबतो. मोल, म्हणजे कण मोजायचं एकक, सुरू झाल्यापासून तर वर्गात नुसतं बसून यावं लागतं. आणि मग तो प्रश्न: हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होतं त्या समीकरणात उजवीकडे ऑक्सिजनचा एक अणू कमी पडतो, तर पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनखाली २ लिहिला तर काय बिघडलं? तुझ्या वयाची असताना मी हेच विचारत होते, जवळजवळ याच शब्दांत. म्हणून जरा लांबलचक उत्तर देते आहे. वयाने बरीच मोठी आहे, म्हणून 'तू' म्हणते.

आधी एक सांगते. मी शिक्षिका नाही. प्रयोगशाळेत काम करते आणि ओळखीच्या मुलांना अधूनमधून रसायनशास्त्र शिकवते. गुण कसे मिळवावेत यावर माझा सल्ला घेऊ नकोस, ते तुझ्या शाळेतल्यांना जास्त कळतं.

अणू, रेणू, प्रोटॉन, इलेक्ट्रॉन हे सगळं तुला येतंय असं पोस्टवरून दिसतंय, ते सोडून देते. तुझी अडचण त्याच्या पुढची आहे. सूत्रातला खालचा छोटा आकडा आणि रेणूच्या पुढे लिहिलेला मोठा आकडा यांत तुला फरक दिसत नाही. दोन्ही आकडेच, मग कुठलाही बदलून गणित जुळवावं, असं वाटतं. खालचा आकडा रेणू कशाचा बनला आहे ते सांगतो. पुढचा आकडा असे रेणू किती आहेत ते सांगतो. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनखाली २ लिहिलास की ते पाणी राहतच नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. ते वेगळं द्रव्य आहे, त्याचे गुणधर्म वेगळे आहेत, आणि ते स्वतःच विघटन होऊन पाणी आणि ऑक्सिजन देतं. म्हणजे समीकरण जुळलं, पण ज्या अभिक्रियेबद्दल प्रश्न होता ती अभिक्रियाच बदलली.

हे मला कुणी सांगितलं नाही. ज्या शिकवणीत मला घातलं होतं तिचं नाव घेत नाही, पण तिथली पद्धत सांगते, कारण तुझ्या पोस्टमध्ये मला तीच दिसते आहे. तिथे समीकरणांची एक जाड वही असायची. प्रत्येक धड्याची सगळी समीकरणं संतुलित करूनच उतरवून दिली जायची आणि आठवड्याच्या परीक्षेत तीच विचारली जायची. संतुलन करायचं म्हणजे दोन्ही बाजू जुळेपर्यंत पुढे आकडे टाकत जायचे, एवढीच सूचना. कुणी खालचा आकडा बदलला की लाल फुली, पण फुली का, हे कधीच नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "तो नियम आहे, परीक्षेत का ते विचारत नाहीत." आणि खरंच विचारलं नाही. दहावीत वहीतलं जसंच्या तसं आलं, सगळ्यांना भरपूर गुण मिळाले, शिकवणीची पाटी आणखी मोठी झाली.

अकरावीत मोलची गणितं सुरू झाली आणि त्या वहीचा काडीचा उपयोग झाला नाही. आमच्यातली निम्मी मुलं एकदम गप्प झाली. मला रसायनशास्त्र झेपत नाही असं घरी ठरलं आणि जी शाखा हवी होती ती सोडावी लागली. त्या विषयाकडे मी परत आले ते खूप उशिरा, नोकरीच्या निमित्ताने, आणि तेव्हा एका वरिष्ठ सहकारी बाईंनी पाटीवर गोळे काढून दाखवले. अर्ध्या तासात जे स्पष्ट झालं ते त्या शिकवणीने दोन वर्षं माझ्यापासून लांब ठेवलं होतं. याचा राग अजून जात नाही. पाठांतराला माझा विरोध नाही, संयुजा पाठ असाव्याच लागतात. पण समजावण्याच्या जागी पाठांतर बसवलं की मूल हुशार असूनही स्वतःला मठ्ठ समजायला लागतं, आणि ते नुकसान गुणपत्रिकेत कुठेच दिसत नाही.

तर गोळे काढ. हायड्रोजनचा अणू छोटा गोळा, ऑक्सिजनचा मोठा. हायड्रोजनचा रेणू म्हणजे दोन छोटे चिकटलेले, ऑक्सिजनचा म्हणजे दोन मोठे चिकटलेले. आता ऑक्सिजनची एक जोडी घे. तिच्यात दोन मोठे गोळे आहेत, म्हणजे पाण्याचे दोन रेणू होणार. त्यांना चार छोटे लागणार, म्हणजे हायड्रोजनच्या दोन जोड्या. झालं समीकरण: दोन रेणू हायड्रोजन, एक रेणू ऑक्सिजन, दोन रेणू पाणी. आकडे तू टाकले नाहीस, मोजलेस.

मनात असं येईल की एवढी साधी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही. ते मनाला लावून घेऊ नकोस. अणुसिद्धान्त मांडणाऱ्या जॉन डाल्टनला पाण्याचं सूत्र एक हायड्रोजन, एक ऑक्सिजन असं वाटत होतं, आणि त्यामुळे ऑक्सिजनचं अणुवस्तुमान खऱ्याच्या निम्म्याच्या आसपास येत होतं. १८०८ मध्ये गे-ल्युसॅकने वायूंच्या आकारमानांचा नियम मांडला: दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन मिळून दोन भाग वाफ होते. डाल्टनला ते पटेना, कारण एका भागापासून दोन भाग व्हायचे तर ऑक्सिजनचा कण मधोमध तुटायला हवा, आणि अणू तर तुटत नाही. १८११ मध्ये अॅव्होगॅड्रोने तिढा सोडवला. तुटतो तो रेणू, अणू नव्हे, कारण ऑक्सिजनचा कण मुळात दोन अणूंची जोडी आहे. तरीही पुढची जवळपास पन्नास वर्षं हे बहुतेकांनी मनावर घेतलं नाही. १८६० मध्ये कार्ल्सरुहे इथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तिथे कॅनिझारोने अॅव्होगॅड्रोची बाजू मांडली, तेव्हा कुठे अणुवस्तुमानं एका मापात यायला लागली. त्या परिषदेला मेंडेलीव्ह हजर होता. त्याची आवर्तसारणी आली १८६९ मध्ये. म्हणजे तू ज्या जागी अडली आहेस तिथे त्या काळचे मोठमोठे लोक अर्धशतक अडले होते, आणि आपण मुलांना ते एका तासिकेत 'नियम आहे' म्हणून उरकून देतो.

आता संयुजा. तिरक्या गुणाकाराने सूत्र लिहायला तुलाही शिकवलं असेल. मॅग्नेशियमची संयुजा २, ऑक्सिजनची २, तिरकं लिहून दोन-दोन येतात, मग भाग देऊन एक-एक. पद्धत चालते, वापर. पण मग हायड्रोजन पेरॉक्साइडमधल्या दोन-दोनला भाग का देत नाही, हा प्रश्न कधी ना कधी येतो. मॅग्नेशियम ऑक्साइड हे आयनांचं, म्हणजे विद्युतभारित अणूंचं, स्फटिक आहे. त्यात सुटा रेणू नाहीच, सूत्र फक्त प्रमाण सांगतं, म्हणून लहानात लहान प्रमाण लिहायचं. पेरॉक्साइडचा मात्र सुटा रेणू आहे, त्यात खरोखर चार अणू आहेत, भाग दिलास तर निम्मा रेणू गायब होईल. गोळे काढायची सवय लागली की हा गोंधळ होत नाही, कारण काढायला बसल्यावर रेणू काढायचा की स्फटिकाची जाळी, हे आधी ठरवावंच लागतं.

सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट अशी मूलकं, म्हणजे एकत्र राहणारे अणूंचे गट, दोन्ही बाजूंना जशीच्या तशी असतील तर ती फोडून अणू मोजत बसू नकोस. अख्खं मूलक एक नग धर. वेळ वाचतो आणि चुका कमी होतात.

मोलबद्दल. ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात हा आकडा बघून घाबरायला होतं हे मान्य. २०१९ पासून त्याची किंमत व्याख्येनेच नेमकी ठरवून टाकली आहे, ६.०२२१४०७६ आणि पुढे तोच घात. पण तुला सध्या त्या आकड्याशी फारसं देणंघेणं नाही. खिळे कुणी मोजून घेत नाही, वजनावर घेतात, आणि एका खिळ्याचं वजन माहीत असेल तर किलोत किती आले ते सांगता येतं. अणूंचंही तसंच, फक्त एकेक अणू तोलता येत नाही म्हणून ठरावीक मोठी संख्या एकदम तोलायची, आणि तेवढ्या कणांना एक मोल म्हणायचं. त्या संख्येएवढे हायड्रोजनचे रेणू २ ग्रॅम, ऑक्सिजनचे ३२ ग्रॅम, पाण्याचे १८ ग्रॅम. वरचं समीकरण आता ग्रॅममध्ये वाच: ४ ग्रॅम हायड्रोजन, ३२ ग्रॅम ऑक्सिजन, ३६ ग्रॅम पाणी. द्रव्य अक्षय्यतेचा नियम वेगळा पाठ करायची गरज उरत नाही. गोळे कुठे गेलेच नाहीत, तर वजन कुठे जाणार?

अकरावीत ज्या प्रकारच्या गणिताने आमची दांडी उडवली ते आत्ताच करून बघ. १० ग्रॅम हायड्रोजन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन, पाणी किती होईल? ग्रॅमची बेरीज करून ७४ लिहिणारे खूप असतात. हायड्रोजनचे ५ मोल, ऑक्सिजनचे २ मोल. कागदावर छोट्या जोड्या पाच आणि मोठ्या जोड्या दोन काढ. मोठ्या दोन जोड्यांना छोट्या चार पुरतात, पाण्याचे चार रेणू होतात, छोटी एक जोडी उरते. उत्तर ७२ ग्रॅम पाणी आणि २ ग्रॅम हायड्रोजन शिल्लक. यासाठी पाठ्यपुस्तकात मर्यादित अभिक्रियाकारक असं भारदस्त नाव आहे, पण चित्रात ते न सांगता दिसतं.

आणखी एक राहून राहून सलतं ते सांगून टाकते, कारण तुझ्याकडच्या नोट्समध्येही असण्याची शक्यता आहे. आमच्या छापील नोट्समध्ये 'बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते' असं लिहिलेलं होतं. साफ चूक आहे. बंध तोडायला ऊर्जा लागते, बंध जुळताना सुटते. पाण्याच्याच अभिक्रियेत हायड्रोजनच्या दोन मोलचे बंध तोडायला सुमारे ८७२ किलोज्यूल, ऑक्सिजनच्या एका मोलला सुमारे ४९८, मिळून १३७०. पाण्याच्या दोन मोलमधले चार मोल बंध जुळताना सुटतात सुमारे १८५२. फरक ४८२ किलोज्यूल, तोच स्फोटाच्या रूपात दिसतो. आणि म्हणूनच हे दोन वायू एकत्र ठेवले तरी ठिणगी लागेपर्यंत शांत असतात. सुरुवातीचे बंध तोडायची ऊर्जा कुठून तरी आणावीच लागते.

'अणूला अष्टक (बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायचं असतं' या वाक्यालाही फार कवटाळू नकोस. सूत्र लिहायला ते उपयोगी आहे, कारण म्हणून तोकडं आहे. सोडियमच्या सुट्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल खर्च होतात, क्लोरीनला तो मिळताना परत येतात फक्त ३४९. एवढंच असतं तर मीठ झालंच नसतं. ते होतं कारण आयन स्फटिकात एकमेकांजवळ येताना त्याहून कितीतरी जास्त ऊर्जा सुटते. दहावीपर्यंतच्या परीक्षेत अष्टकाचंच उत्तर लिही, वाद घालू नकोस. पण स्वतःपुरतं हे लक्षात ठेव.

व्हिडिओ बघून ठिणग्या आणि ज्वाळांचे प्रयोग घरी करू नकोस. मॅग्नेशियमच्या ज्योतीकडे नुसतं टक लावून पाहणंही डोळ्यांना घातक आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, तेवढंच.

सरावासाठी तीन देते: लोखंड आणि ऑक्सिजनपासून फेरिक ऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइडचं विघटन, मिथेनचं ज्वलन. तिन्हींचे आधी गोळे, मग आकडे, मग ग्रॅम. मिथेनचं बरोबर आलं तर १६ आणि ६४ ग्रॅमपासून ४४ आणि ३६ ग्रॅम होतील, दोन्हीकडे ८०. चित्र काढायला वेळ लागतो अशी तक्रार येईलच. पहिल्या काही दिवसांत लागतो. नंतर चित्र कागदावर काढावं लागत नाही, पण ते दिवस गाळू नकोस. फोटो काढून इथे टाक, रविवारी बघते.

शेवटचं विचारलं होतंस, पुढच्या आकड्यात अपूर्णांक चालतो का. संतुलन करताना मध्ये चालतो. इथेनच्या ज्वलनात उजवीकडे दोन कार्बन डायऑक्साइड आणि तीन पाणी लिहिलंस की ऑक्सिजनचे सात अणू होतात, म्हणजे साडेतीन रेणू. रेणू म्हणून वाचत असशील तर साडेतीन रेणू नसतात, म्हणून सगळं दुप्पट कर: दोन इथेन, सात ऑक्सिजन, चार कार्बन डायऑक्साइड, सहा पाणी. मोल म्हणून वाचत असशील तर साडेतीन मोल ऑक्सिजन अगदी रास्त आहे, ते ११२ ग्रॅम होतात. पुढे ऊर्जेची समीकरणं येतील तेव्हा अर्धे मोल मुद्दाम ठेवलेले दिसतील. सध्या शाळेत पूर्णांकच लिही, नाहीतर गुण कापतील.