ताळगाव की पर्वरी? आधी एवढं बघा

गोव्यात भाड्याने फ्लॅट ताळगावला घ्यावा की पर्वरीला, असं विचारलंत. ऑफिस पाटोला, म्हणजे पणजीतल्या ऑफिसांच्या भागात आहे म्हणता, तर मोठा फरक मांडवी नदीचा. पर्वरी पलीकडे, ताळगाव अलीकडे. स्कूटरवाल्यांना अटल सेतूवर (मांडवीवरचा नवा उंच पूल) प्रवेश नाही, खालच्या जुन्या पुलांवरूनच यावं लागतं. त्यामुळे रविवारी दुपारी फ्लॅट बघून 'दहा मिनिटांवर आहे' असं ठरवू नका. नवखे हमखास इथेच फसतात. सोमवारी सकाळी 9 ला एकदा दोन्हीकडून स्वतः येऊन बघा.

मग हे तपासा:

- पाणी. नळाला किती तास येतं, टँकर किती वेळा मागवावा लागतो, हे दलालाला नको, शेजाऱ्यांना विचारा. पर्वरीत तर नक्कीच.
- ओल. पश्चिमेकडच्या भिंतीवर, कपाटामागे हात फिरवा. नवा रंग फुगलेला किंवा गार लागला तर पावसाळ्यात तिथे बुरशी धरणार. शक्य असेल तर जुलैमध्येच घर बघा, तेव्हा काही लपत नाही.
- करार. लेखी, बहुधा 11 महिन्यांचा. पोलीस ठाण्यातली भाडेकरू नोंदणी टाळणारा मालक नकोच.

भाव करणं, फर्निचर वगैरे नंतर. बसने फिरणार असाल तर मी ताळगावच म्हणेन. दोन्हीकडचा एकेक फ्लॅट बघून झाला की सांगा, घाई करू नका, चांगलं घर मिळेल.