बडोद्यात दारू सोडण्यासाठी एएची मीटिंग कशी शोधायची? दारूबंदीत तिथे जाणं धोक्याचं आहे का?

तुम्ही लिहिलंय की पोलिसांची भीती वाटते, आणि दांडिया बाजारातलं कुणी ओळखीचं बघेल याचीही. मी स्वतः बडोद्यातलाच, एएत, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेत, बरीच वर्षं आहे. इथल्या मराठी माणसाला दुसरी भीती जास्त छळते, पण आधी पोलिसांचं बोलू.

गुजरातचा दारूबंदी कायदा म्हणजे जुन्या मुंबई राज्याचा 1949 चा कायदा. त्यात दारू पिणं, बाळगणं, विकणं, वाहून नेणं हे गुन्हे आहेत. चार भिंतींच्या आत बसून ‘मला दारू सुटत नाही’ म्हणणं हा गुन्हा नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये हजेरीपट नसतो, आधार कार्ड मागत नाहीत, आडनाव विचारत नाहीत. फक्त पिऊन जाऊ नका. दुसऱ्या राज्यात प्यायलेला माणूसही मागच्या खुर्चीवर गप्प बसून ऐकतो, त्याला कुणी हाकलत नाही. इथे मात्र वाटेत अडवलं तर ‘मीटिंगला चाललोय’ हे सांगून सुटका होणार नाही.

तुम्ही रोज पिता आणि सकाळी हात थरथरतात असंही लिहिलंय, म्हणून मीटिंगच्या आधी डॉक्टर. रोजची दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम, भास सुरू होऊ शकतात. त्यात जीवही जातो. सयाजी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आहे, कारेलीबागला सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. डॉक्टरांना रोज किती पिता ते खरं सांगा, निम्मं करून सांगू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून होणारे मानसिक त्रासही येतात, आणि उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्यातच दिलेला आहे.

आता शोधायचं कसं. नेटवर ‘दारू सोडा बडोदा’ टाकलंत की आधी नशामुक्ती केंद्रांच्या जाहिरातीच येतात. त्या वेगळ्या. एएत प्रवेश फी नाही, वर्गणी नाही; एएच्या नावाने कुणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या. एए इंडियाच्या वेबसाइटवर शहरानुसार मीटिंगची यादी आणि हेल्पलाइन असते. यादीतली वेळ-जागा बदललेली असू शकते, म्हणून निघण्याआधी फोन करा. फोनवर ‘मी नवीन आहे, क्लोज्ड मीटिंग कधी असते?’ एवढंच विचारा. क्लोज्डला फक्त दारू सोडू इच्छिणारे येतात, ओपनला घरचे, डॉक्टर, कुणीही. पलीकडचा माणूस बहुधा स्वतःच ‘मी रस्त्यावर उभा राहतो, या’ म्हणेल. राष्ट्रीय नशामुक्ती हेल्पलाइन 14446 सुद्धा आहे. मराठीतच बोलायचं असेल तर महाराष्ट्रातल्या गटांच्या ऑनलाइन मीटिंग असतात, कॅमेरा बंद ठेवून ऐकलं तरी चालतं. पण माझं मत विचाराल तर खोलीत जाऊन बसावं. मोबाइलवरून निघून जाणं फार सोपं असतं.

खोलीत काय होतं? फार काही नाही, आणि हेच पहिल्यांदा विचित्र वाटतं. प्रार्थना, थोडं वाचन, मग एकेक जण उठून बोलतो: नाव, मी मद्यपी आहे, आणि आपली गोष्ट. बुटलेगरकडे उधारी कशी वाढली, बायकोच्या पाटल्या कुठे गेल्या, भाऊबीजेला पिऊन बहिणीकडे काय तमाशा केला. मध्ये कुणी टोकत नाही, सल्ला देत नाही. ऐकताना लोक हसतात सुद्धा; त्या हसण्याचा राग धरू नका, ते स्वतःला आठवून हसतात. तुम्हाला बोलायची सक्ती नाही, ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं की झालं. शेवटी पिशवी फिरते, त्यात सभासद स्वेच्छेने दहा-वीस टाकतात, नवख्याने नाही टाकलं तर कुणी बघतही नाही. मग चहा. खरं काम बऱ्याचदा चहाच्या वेळीच होतं, कारण तेव्हा फोन नंबर मिळतात. संध्याकाळी तलफ आली की पेल्याआधी त्यातला एक नंबर लावायचा.

देवाधर्माचं दडपण घेऊ नका. एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारू सोडण्याच्या आमच्या कार्यक्रमात, ईश्वर येतो, पण ‘आम्हाला समजलेला’ असा. आमच्यात पक्के नास्तिकही आहेत. नुसत्या बोलण्याने काय होणार, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. 2020 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने 27 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पूर्ण सुटका टिकवण्यात एएकडे नेणारे पद्धतशीर कार्यक्रम इतर उपचारांपेक्षा सरस ठरले. सगळ्यांची सुटते असं मात्र नाही.

राहिले नातेवाईक. रावपुऱ्यातलं कुणी त्या खोलीत भेटलंच, तर तेही त्याच कारणासाठी आलेलं असणार. आणि खरं सांगू? तुम्ही पिता हे तुमच्या काकूंना, शेजाऱ्यांना, किराणावाल्याला केव्हाच माहीत आहे. तरीही धाकधूक असेल तर घरापासून लांबचा गट निवडा. एखादा गट नाही पटला तर दुसरा बघा, गटागटाचा स्वभाव निराळा असतो. वहिनींना अल-अ‍ॅनॉनबद्दल सांगा, ते घरच्यांसाठी असतं. तुम्ही मीटिंगला गेलात-न गेलात, त्यांना तिथे जाता येतं.