‘केस मिटली’ म्हणजे कागदावर काय झालं, ते आधी शोधा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: राहायला खारघर, मूळ घर वर्तकनगर. २०१४ च्या विसर्जन मिरवणुकीत हाणामारी झाली, भादंवि म्हणजे भारतीय दंड संहितेचं ३२४ (हत्याराने दुखापत), ५०४ (चिथावणीखोर अपमान), ३४ (समान इरादा) लागलं, एक रात्र कोठडीत आणि दुसऱ्या दिवशी जामीन. पुढे ‘केस मिटली’. ३१ डिसेंबर २०१७ च्या रात्री घोडबंदर रोडवरच्या नाकाबंदीत दारू पिऊन गाडी चालवताना सापडलात, जानेवारीत ठाणे कोर्टात २,००० रुपये दंड भरलात. आता नवरा-बायको मिळून कॅनडात कायम राहायला जायचा, म्हणजे पीआरचा, एक्स्प्रेस एंट्रीमधून अर्ज, आणि त्याआधी यूकेत लेस्टरला बहिणीकडे एक चक्कर. एजंटचं म्हणणं, दोन्ही फॉर्मवर गुन्ह्याच्या प्रश्नाला ‘नाही’ लिहा, पीसीसी (पोलिसांचा दाखला) क्लीनच येईल.

‘नाही’ लिहू नका. कॅनडाचा प्रश्न शिक्षेपुरता नाही. गुन्हा केला आहे का, अटक झाली आहे का, आरोप ठेवला गेला आहे का, दोषी ठरला आहात का, हे सगळं एकाच वाक्यात आणि जगातल्या कुठल्याही देशाबद्दल विचारलेलं असतं. तुमच्या बाबतीत अटक झालीच आहे, म्हणजे उत्तर ‘हो’. खोटं उघडं पडलं तर पाच वर्षांची बंदी, आणि त्या पाच वर्षांत पीआरचा अर्जही करता येत नाही. जुन्या भांडणाचं स्पष्टीकरण देता येतं, खोट्या उत्तराचं देता येत नाही. ‘एजंटने भरलं’ हे तिथे ऐकून घेत नाहीत, कारण सही तुमची असते.

आता ‘मिटली’ या शब्दाकडे येऊ. कोर्टाच्या दप्तरात असा शेरा नसतो, आणि तुमचं अर्धं भवितव्य त्यावरच आहे. एक शक्यता अशी की दोन्ही बाजूंच्या संमतीने हायकोर्टात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४८२ खाली एफआयआर रद्द झाला. ३२३ (साधी मारहाण) किंवा ५०४ ची तडजोड खालच्याच कोर्टात होते आणि तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो, पण ३२४ ला ती सोय नाही, म्हणून लोक हायकोर्टात जातात. दुसरी शक्यता, फिर्यादी फितूर झाला आणि तुम्ही निर्दोष सुटलात. तिसरी, पोलिसांनी दोषारोपपत्र न पाठवता ‘सी समरी’, म्हणजे केस बंद करण्याचा अहवाल, दिला आणि तो दंडाधिकाऱ्यांनी मंजूर केला. या तिन्हींत अटक सांगायची, आदेशाची नक्कल जोडायची, आणि सहसा त्यावर अर्ज अडत नाही.

चौथी शक्यता वाईट आहे आणि ती आपल्याकडे फार होते: ‘कबूल कर, दंड भर, मोकळा हो’ असं वकिलाने सांगितलं आणि तुम्ही तसं केलंत. ती दोषसिद्धी आहे, दंड पाचशे रुपये असला तरी. कॅनडा आपल्याकडे किती शिक्षा झाली हे आधी बघत नाही, तेच कृत्य कॅनडात केलं असतं तर जास्तीत जास्त किती झाली असती हे बघतो. हत्याराने मारहाणीला तिथे कमाल १० वर्षं आहेत, आणि १० वर्षांपासून पुढचा गुन्हा ‘गंभीर’ धरला जातो. गंभीर गुन्ह्याचा डाग नुसती वर्षं गेल्याने पुसला जात नाही, त्यासाठी कॅनडाकडे वेगळा अर्ज करून ‘पुनर्वसन’, म्हणजे माणूस सुधारला अशी मान्यता, मंजूर करून घ्यावं लागतं.

पाचवी शक्यता म्हणजे केस मिटलेलीच नाही. तारखांना कोणी गेलं नाही, वॉरंट निघालं, फाइल पडून आहे. तसं असेल तर व्हिसाआधी पासपोर्टच अडतो. पासपोर्ट कायद्याच्या ६(२)(फ) प्रमाणे फौजदारी कोर्टात प्रकरण प्रलंबित असलं की पासपोर्ट नाकारता येतो. कोर्टाने परदेशी जायची परवानगी दिली तर मिळतो, पण आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर फक्त एक वर्षाचा. म्हणून वकिलाकडून परवानगीचा आदेश घेताना त्यात मुदत लिहून घ्यायची.

हे शोधायचं कुठे? ई-कोर्ट्सच्या साइटवर एफआयआर नंबर, पोलीस ठाणं आणि वर्ष टाकून बघा. नावाने शोधलंत तर स्पेलिंगच्या तीन-चार तऱ्हा करून बघा, आडनाव आधी टाकूनही. सापडलं की १६ अक्षरांचा सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, लिहून घ्या. इथे जिल्हा चुकतो बरं का. वर्तकनगर आणि घोडबंदर ठाणे जिल्ह्यात शोधायचं. वाशी-बेलापूरही ठाणे जिल्ह्यातच. पण खारघर, कामोठे, कळंबोली पोलिसांच्या हिशेबात नवी मुंबई आयुक्तालयात असले तरी जिल्हा रायगड, त्यामुळे तिथल्या केसेस पनवेल कोर्टात जातात. खारघरकर ठाण्यात शोधतात, काही दिसत नाही, आणि केसच नाही असं धरून बसतात.

साइटवर ‘डिस्पोज्ड’ (निकाली) दिसलं तरी तेवढ्यावर थांबू नका. ठाण्यात कोर्टनाक्याला कोर्टात जाऊन नकलेचा अर्ज करा आणि तीन गोष्टी मागा: दोषारोपपत्र, अंतिम आदेश आणि शेवटच्या तारखांचा रोजनामा (त्या त्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद). जुनी फाइल रेकॉर्ड रूममधून काढायला वेळ लागतो, कधी आठवडे जातात. एक्स्प्रेस एंट्रीचं आमंत्रण आल्यावर अर्ज पूर्ण करायला ६० दिवस मिळतात आणि ते ठाण्याच्या रेकॉर्ड रूमसाठी थांबत नाहीत. नकला हातात असल्याशिवाय प्रोफाइल टाकू नका.

आता दुसरी केस, जिला तुम्ही ‘नुसता दंड’ म्हणताय. कॅनडासाठी मला तिचीच जास्त काळजी वाटते. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ (दारू पिऊन गाडी चालवणं) हे सिग्नल तोडल्याच्या चलनासारखं नाही, त्यात कोर्टात गुन्हा कबूल करावा लागतो आणि ती फौजदारी दोषसिद्धी ठरते. कॅनडाने १८ डिसेंबर २०१८ पासून दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा १० वर्षांवर नेली, म्हणजे त्या तारखेनंतरचा गुन्हा थेट ‘गंभीर’. तुमचा त्याआधीचा आहे, हे तुमच्या बाजूने. जुन्या नियमाने तो साधा गुन्हा धरतात, आणि असा एकच गुन्हा असेल तर शिक्षा पूर्ण झाल्यावर १० वर्षांनी माणूस आपोआप सुधारला असं मानतात. तुमची १० वर्षं जानेवारी २०२८ ला पुरी होतात. कोर्टाने लायसन्सही निलंबित केलं असेल तर मोजणी निलंबनाची मुदत संपल्यापासून. त्याआधी जायचं असेल तर पाच वर्षांनंतर करता येतो तो पुनर्वसनाचा अर्ज करा. तो मंजूर व्हायला वर्षाहून जास्त लागू शकतं, तेव्हा तारखांचा हिशेब नीट मांडा. आणि ‘असा एकच गुन्हा’ ही अट विसरू नका: २०१४ ची केस कबुलीने संपलेली निघाली तर १० वर्षांचा हा रस्ता बंद.

१८५ च्या फाइलमध्ये एक बारकी वस्तू असते ती जपा: श्वास चाचणीच्या यंत्रातून निघालेली चिठ्ठी, पंचनाम्याला टाचलेली. आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल गेलं की गुन्हा, कॅनडात ८० पासून. चिठ्ठीवर ४५ असेल तर ‘हे कॅनडात मर्यादेबाहेर नव्हतं’ असं तुमचा वकील म्हणू शकतो. तेवढ्याने प्रकरण संपेलच असं नाही, कारण नशेत गाडी नीट चालवता न येणं हा तिथे आकड्यावर न अवलंबणारा वेगळा गुन्हा आहे. पण चिठ्ठीच नसेल तर मुद्दा मांडायलाच जागा उरत नाही. ती उष्णतेच्या कागदावर छापलेली असते, शाई उडते. नकलेत आकडा वाचता येतोय का ते खिडकीवरच बघून घ्या.

‘मग बायकोला मुख्य अर्जदार करू’ हा सल्लाही तुम्हाला मिळेल. पीआरच्या अर्जात सोबतचा जोडीदार अपात्र ठरला तर मुख्य अर्जदारही अपात्र ठरतो. नावं फिरवून काही साधत नाही, उलट तिची सही धोक्यात येते.

पीसीसीबद्दल. पासपोर्ट सेवाच्या साइटवर अर्ज, ५०० रुपये फी, ठाणेकरांना वागळे इस्टेटचं केंद्र. कॅनडाला गेल्या १० वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त राहिलेल्या प्रत्येक देशाची पीसीसी लागते, दुबईत नोकरी केली असेल तर तिचीही. सध्या राहता त्या देशाची अर्जाच्या तारखेला सहा महिन्यांहून जुनी चालत नाही, म्हणून घाई करून आधीच काढून ठेवू नका. तुमची पडताळणी खारघर ठाण्याकडे जाईल आणि वर्तकनगरच्या नोंदी तिथे दिसतील किंवा दिसणार नाहीत. एजंटचा सगळा भरवसा यावर आहे. पण पीसीसी म्हणजे पोलिसांना काय सापडलं ते, आणि फॉर्म म्हणजे तुम्हाला काय माहीत आहे ते. स्वच्छ पीसीसी जोडूनही ‘हो’ लिहायचं असतं. पीसीसीच्या अर्जातही गुन्ह्याची माहिती दडवू नका.

लेस्टरच्या व्हिजिटर व्हिसाचं सोपं आहे. यूकेला १२ महिने किंवा जास्त कैद झाली असेल तर नकार ठरलेला. दंडासारखी बिनकैदेची शिक्षा असेल तर दोषसिद्धीनंतर १२ महिने गेले की आपोआप नकार नाही. २०१८ चा दंड या हिशेबात जुना झाला, तरी लिहायचाच. त्यांच्या फॉर्ममध्ये वाहतुकीच्या गुन्ह्यांचाही प्रश्न असतो. लपवाछपवी सापडली तर १० वर्षांची बंदी. शिवाय कॅनडा, यूके, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड एकमेकांत व्हिसाची माहिती आणि बोटांचे ठसे ताडून बघतात. लेस्टरच्या फॉर्मवर ‘नाही’ आणि कॅनडाच्या फॉर्मवर ‘हो’ गेलं तर ती विसंगती दोन्हीकडे त्रास देते.

अमेरिकेला कधी जायचं झालं तर त्यांच्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये, डीएस-१६० मध्ये, अटकही विचारतात, पुढे माफी मिळाली असली तरी. दारू पिऊन गाडीचं एक प्रकरण पाच वर्षांतलं किंवा दोन प्रकरणं १० वर्षांतली असली तर त्यांच्या ठरलेल्या डॉक्टरकडे पाठवतात.

स्पष्टीकरणाचं पत्र एका पानात बसवा. तारीख, पोलीस ठाणं, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), कलमं, कोर्टाचा केस नंबर, निकाल आणि त्याची तारीख, दंडाची पावती, सोबत कुठला कागद कितव्या क्रमांकावर. मिरवणुकीत कोणाची चूक होती यावर परिच्छेद खर्च करू नका. दोन केसेस, दोन वेगळी पत्रं. सोबत कलमांचा इंग्रजी मजकूर, कमाल शिक्षेसकट, पण घटनेच्या वेळी लागू असलेल्या कायद्यातला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली म्हणून लोक २०१४ च्या केसला नवी कलमं जोडतात आणि अधिकारी गोंधळतो. मराठी रोजनामा आणि आदेशाचं भाषांतर बाहेरच्या भाषांतरकाराकडून प्रतिज्ञापत्रासह घ्या. तुम्ही किंवा घरच्या कोणी केलेलं भाषांतर कॅनडा घेत नाही, घरात वकील असला तरी.

आणि त्या एजंटला एकच विचारा: कॅनडाच्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजचा तुमचा परवाना क्रमांक काय? पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याकडे तो असावा लागतो, नाहीतर तो तिथला वकील असावा लागतो. कॉलेजची यादी इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे, नाव टाकून बघा. पण त्याआधी या आठवड्यातच ई-कोर्ट्सवर तो सीएनआर नंबर शोधा आणि २०१४ च्या केसपुढे काय लिहिलंय ते मला जसंच्या तसं कळवा. त्या केससाठी पुनर्वसनाचा अर्ज लागेल की नाही, याचा पहिला अंदाज त्या एका ओळीवरून येईल.