शिशाच्या टकरीतून निघालेले हजारो कण मोजतात कसे?

तुम्ही विचारलंय की एका टकरीतून हजारो कण उडतात, मग एकही निसटला नाही हे कशावरून? निसटतात, भरपूर निसटतात. खरं काम तिथूनच सुरू होतं. (मी पुण्यात बीएस्सीला शिकवतो, पीएचडी अशाच डेटावर केली.)

सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या एलएचसी या महाकाय कण-टक्कर यंत्रात शिशाची अणुकेंद्रकं पहिल्यांदा नोव्हेंबर 2010 मध्ये आदळवली, न्यूक्लिऑनच्या (म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या) जोडीमागे 2.76 टीईव्ही (कणांच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जेने. तिथल्या ॲलिस प्रयोगाने आकडा दिला एका टकरीमागे सुमारे 1600 भारित (विद्युतभार असलेले) कण. पण हे फक्त झोताशी साधारण 62 ते 118 अंशांत निघालेले. विसर्जनाच्या दिवशी अलका चौकात उभं राहून तिथून गेलेली माणसं मोजावीत, तसं. सगळ्या कोनांचा हिशेब धरला तर संख्या 17 हजारांच्या आसपास जाते.

पद्धत ऐकायला अगदी साधी. टकरीच्या जागेभोवती सिलिकॉन पिक्सेलचे दोन थर, सुमारे 3.9 आणि 7.6 सेंमी त्रिज्येवर. दोन्ही थरांतले ठिपके आणि टकरीचा बिंदू एका रेषेत आले, की एक कण धरायचा. गर्दीत भलत्याच दोन कणांचे ठिपकेही रेषेत बसतात, त्या खोट्या जोड्या वजा. लॅम्डासारखे अल्पायुषी कण वाटेत फुटून जे कण होतात, तेही वजा. फार मंद कण किंवा बंद पडलेल्या पिक्सेलवर गेलेले कण दिसतच नाहीत, ते मिळवायचे. किती मिळवायचे? त्यासाठी अख्खा डिटेक्टर संगणकात उभा करतात, त्यात आपणच कण सोडतात आणि त्यातले किती सापडले ते बघतात. मॉडेल बदलल्यावर उत्तर किती हलतं, तेही एररमध्ये धरतात. शोधनिबंधातला हा भाग मुलं हमखास गाळतात. माझ्या मते आधी तोच वाचावा.

टक्कर समोरासमोर झाली की ओझरती, हे थेट मोजता येत नाही. दोन्ही बाजूंच्या सिंटिलेटरमधल्या (कण गेला की चमकणाऱ्या पट्ट्यांमधल्या) सिग्नलवरून टकरींची प्रतवारी लावतात. वरचे 1600 सर्वात जोरदार 5 टक्क्यांचे. त्यांत दोन्ही केंद्रकांतल्या मिळून 416 पैकी सरासरी 380 च्या आसपास न्यूक्लिऑन भाग घेतात, हा अंदाज ग्लाउबर मॉडेलचा, म्हणजे केंद्रकांची टक्कर सुट्या न्यूक्लिऑनच्या टकरींतून मांडणाऱ्या गणिताचा. 1600 ला या 190 जोड्यांनी भागलं की जोडीमागे आठाहून थोडे जास्त कण येतात, म्हणजे त्याच ऊर्जेच्या प्रोटॉन-टकरीच्या जवळपास 1.9 पट. प्रत्येक जोडीमागे एक सुटी प्रोटॉन-टक्कर, अशी नुसती बेरीज असती तर हा फरक पडला नसता.