जुनी गाडी दारात आली, आता पाना हातात घ्यायचाय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार दादा, मी केज तालुक्यातला, लातूरला एका दुकानावर कामाला आहे. दिवाळीच्या आधी आयुष्यातली पहिली गाडी घेतली, 2012 ची 100 सीसी, जुनीच, 26 हजाराला. सकाळी किक मारून मारून पाय दुखायलेत, बारा-पंधरा किकला चालू होती, मग दोन मिनिटं निळसर धूर मारती आन नंतर दिवसभर एकदम चांगली चालती. एका गॅरेजवाल्यानं प्लग बदलला, दुसऱ्यानं कार्बोरेटर साफ केला, तिसरा म्हणतो ब्लॉक-पिस्टन करावं लागंल, साडेपाच हजार. तेवढे पैसे माझ्याकडं नाहीत आन खरं सांगायचं तर मलाच शिकायचंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : दादा, ब्लॉक-पिस्टन म्हणजे सिलेंडर आणि त्यात वर-खाली होणारा पिस्टन नवा टाकणं, ते साडेपाच हजार सध्या राहू दे. तू लिहिलंस ना, दोन मिनिटं धूर आणि नंतर दिवसभर चांगली, त्यातच अर्धं उत्तर आहे, फक्त तिन्ही ठिकाणी तुला कुणी हे विचारलं नसंल. पिस्टनची रिंग गेलेली गाडी चढाला, डबलसीट, एक्सलेटर पिळला की दिवसभर धूर मारती आणि ऑईल खात जाती. तुझी फक्त सकाळी मारती. याचा अर्थ बहुतेक करून व्हॉल्व्हचे ऑईल सील कडक झालेत. हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, व्हॉल्व्हच्या (पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांच्या) दांडीवर छोटे रबरी सील असतात, बारा-तेरा वर्षांत ते वाळतात, मग रात्रभर गाडी उभी असली की वरचं ऑईल दांडीवरून झिरपत खाली उतरतं, सकाळी तेच जळतं म्हणून धूर आणि त्यानंच प्लग ओला होतो म्हणून किका. सील स्वस्त असतात, हेड उघडायची मजुरी असती तेवढी, पण त्यासाठी ब्लॉक-पिस्टन टाकायची गरज नाही.

पण मी इथं लातूरात बसून सांगतोय, गाडी बघितलेली नाही, तेव्हा तू स्वतः खात्री कर. उद्या सकाळी एकही किक न मारता प्लग काढ. काढायच्या आधी प्लगच्या भोवतालची माती ब्रशनं झाड, नाहीतर ती सगळी आत सिलेंडरमध्ये जाती. प्लगचं टोक बघ. फिकट तपकिरी असंल तर इंजिन सुखी आहे. कोरडं काळं काजळीसारखं असंल तर पेट्रोल जास्त चाललंय किंवा एअर फिल्टर चोक आहे, ओलं आणि पेट्रोलचा वास म्हणजे पेट्रोल येतंय पण पेटत नाही, आणि ओलं, चिकट, बोटाला ऑईल लागलं तर मी म्हणतो तीच भानगड. मग प्लग पुसून कॅपमध्ये बसव, प्लगचा लोखंडी भाग हेडला टेकव, पेट्रोलचा कॉक बंद कर आणि कुणाला तरी किक मारायला सांग. सावलीत निळी ठिणगी कडकड दिसली पाहिजे. प्लग त्याच्या भोकापासून लांब धरायचा कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येती, आणि धरायचं ते रबरी कॅपला, प्लगला हात लावला तर झटका बसतो.

रिंगची शंका असंल तर जुनी पद्धत आहे. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल आत सोड, दोन-चारदा हळू किक फिरव, प्लग लाव, आणि आता किक आधीपेक्षा एकदम टाईट लागायली का बघ. टाईट लागली तर रिंग-ब्लॉक ढिले आहेत, ऑईलनं फट भरली म्हणून जोर वाढला. होती तशीच राहिली तर दोष वरच्या बाजूला, व्हॉल्व्हकडं, नाहीतर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली बारीक फट) जास्त टाईट केलेत. टॅपेट नेहमी इंजिन पूर्ण थंड असताना बघायचे, गरम गाडीवर केलेली सेटिंग दुसऱ्या दिवशी चुकीची निघती. हे काम पहिल्यांदा चांगल्या मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून बघ, मगच कर.

आणि ऑईल मोज. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी, डिपस्टिक काढून पुसायची, बहुतेक 100 सीसी गाड्यांत ती नुसती टेकवून बघतात, पिळायची नाही, पुस्तकात बघून घे. आज कुठं रेघ आहे ती वहीत लिही, किलोमीटर लिही, 500 किलोमीटरनंतर परत बघ. गाडीसाठी एक दहा रुपयाची वही कर, माझ्या हातून ज्यांनी ज्यांनी गाडी शिकली त्या सगळ्यांना मी आधी वही घ्यायला लावली. कुणी काय बदललं, कितीला, किती किलोमीटरला, हे लिहिलं की तिसरा गॅरेजवाला तुला काहीही सांगू शकत नाही.

पेट्रोलचंही बघ. कार्बोरेटरच्या खाली एक ड्रेन स्क्रू असतो, काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून दहा मिनिटं ठेव, खाली वेगळा थर दिसला तर पाणी आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढून धरतं, त्यामुळं गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली असंल तर जुनं पेट्रोल काढून टाकलेलं बरं. जुने रबरी पाईप फुगलेत किंवा तडकलेत का तेही हात फिरवून बघ. तुझी गाडी कार्बोरेटरची आहे म्हणून हे सगळं घरी जमतं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम) आलं, तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या, तिथं बघायची रीत वेगळी.

आता तू विचारलंस सुरुवात कुठून. तर दादा, ब्रेकपासून. धुराचं नंतर बघ. सकाळी चालू न झालेली गाडी फार तर कामाला उशीर करंल, पण गाळप चालू झालं की केज-लातूर रस्त्याला उसाचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर असतात, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, रात्री अंधारात एकदम पुढं उभे दिसतात, तिथं तुला थांबता आलं पाहिजे. मागच्या ड्रमच्या बाहेरच्या आर्मवर बऱ्याच गाड्यांना बाणाची खूण असती, ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण ड्रमवरच्या खुणेला येऊन टेकला की लायनर (ब्रेकच्या आतली घासणारी पट्टी) संपले, बदल. पायाचा ब्रेक दोनेक सेंटिमीटर दाबल्यावर धरायला पाहिजे, आधीपासूनच धरत असंल तर ड्रम तापतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. ड्रम उघडलास तर आतली काळी भुकटी तोंडानं फुंकू नको, जुन्या लायनरमध्ये काय असंल सांगता येत नाही, ओल्या फडक्यानं पुस. टायरवर चार आकडे असतात, 3514 लिहिलं असंल तर 2014 सालच्या 35 व्या आठवड्यातला टायर. नक्षी दिसत असली तरी एवढ्या जुन्या रबराला आपल्या उन्हानं बारीक तडे गेलेले असतात, ते पाहिल्याशिवाय लांबचा प्रवास करू नको.

प्रश्न : मी जिंतूर तालुक्यातली, 22 वर्षांची. वडिलांची जुनी गाडी आता मीच वापरते, रोज 18 किलोमीटर जाणं-येणं. गॅरेजवर उभं राहून बघायला लागले की सगळे माझ्याकडं बघतात, काही विचारलं तर ‘ताई तुम्ही बसा तिकडं’ म्हणतात. चेन सारखी खडखड वाजते. घरच्या घरी करता येईल का, आणि पाने कोणते घेऊ?

उत्तर : ताई, येईल, आणि चेन हे शिकायला सगळ्यात चांगलं काम आहे कारण सगळं डोळ्यांसमोर असतं. गॅरेजवर तिकडं बसा म्हणणाऱ्यांचं मला वाईट वाटतं, गाडी तुम्ही चालवता, भरवसा तुम्हाला ठेवायचाय, मग बघायचा हक्क तुमचाच. पुढच्या वेळी सरळ सांगा की उभं राहून बघणार आहे, नाहीतर दुसरीकडं जाईन.

पाने फार नकोत. 10-12, 14-17 असे दोन डबल पाने, मागच्या एक्सलच्या नटाला बसंल तो एक रिंग पाना, प्लग पाना, एक प्लस-मायनस स्क्रू ड्रायव्हर, पक्कड. नट मापून घ्या मगच पाना घ्या, आणि अगदी हलके घेऊ नका, पान्याचं तोंड पसरलं की नट गोल होतो आणि मग तो काढायला छिन्नीच लागती.

गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, न्यूट्रल. हे मी मुद्दाम सांगतोय. काही लोक गाडी चालू करून गिअरमध्ये टाकून फिरत्या चेनला फडकं लावतात, त्यात बोटं गेलेली माणसं मी बघितलीत. चाक हातानंच फिरवायचं. खालच्या बाजूच्या चेनला मधोमध बोटानं वर-खाली करून बघा, साधारण 2 ते 3 सेंटिमीटर हलली पाहिजे, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच जागी मोजा कारण जुनी चेन सगळीकडं सारखी ताणलेली नसती, जिथं सगळ्यात टाईट असंल तिथलं माप धरायचं. ढिल्या जागेवर माप धरून टाईट केली तर टाईट जागा आली की बेअरिंगवर ताण येतो. एक्सल ढिला करून दोन्ही बाजूचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवा, दोन्हीकडच्या खुणा एकाच रेघेवर पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं. शेवटी एक्सल आवळला की मागचा ब्रेक परत बघायचा, चाक मागं सरकल्यानं त्याची सेटिंग बदलती. हे बरेच जण विसरतात.

तेलाचं म्हणाल तर जळकं ऑईल टाकू नका, त्यात बारीक लोखंडाचा चुरा असतो आणि आपल्या काळ्या मातीची धूळ त्याला चिकटून कणकेसारखी होती. रॉकेल आणि जुन्या टूथब्रशनं साफ करून पुसून 90 नंबरचं गिअर ऑईल आतल्या बाजूनं थेंब थेंब सोडा, अर्ध्या तासानं वरचं पुसून टाका. स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरती त्या दातेरी चाकाचे) दात एका बाजूला कलून आकड्यासारखे झाले असतील तर नुसती चेन बदलू नका, पूर्ण किट बदला, नवी चेन जुन्या दातांवर लवकर खराब होती.

प्रश्न : मी अंबाजोगाईचा. गाडी एमएच-20 पासिंगची घेतलीय, मालकानं आरसी बुक आणि सह्या केलेले कोरे फॉर्म दिलेत. गाडी नावावर नंतर करू म्हणलं तर चालंल का?

उत्तर : नको मामा, आधी हेच उरका. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म 29 आणि 30. गाडीवर कर्ज होतं असं आरसीवर दिसत असंल तर फायनान्सवाल्याकडून फॉर्म 35 आणि एनओसी घ्या, ते नसल्यामुळं वर्षानुवर्षं अडकलेल्या गाड्या बघितल्यात. इंजिन नंबर आणि चॅसी नंबर स्वतः पुसून आरसीशी जुळवा. इन्शुरन्सही 14 दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. 15 वर्षं कधी पूर्ण होतात तेही आरसीवर बघा, त्यानंतर पासिंग परत करावं लागतं. गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची असंल तर नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागलीय का तेही विचारा.

प्रश्न : हदगावहून लिहितोय. ट्रॅक्टरचं 15डब्ल्यू-40 ऑईल उरलंय घरी, मोटारसायकलला चालतं का? आणि ऑईल काळं झालं म्हणजे खराब झालं का?

उत्तर : चालत नाही काका. ट्रॅक्टरचा क्लच वेगळा असतो, तुमच्या गाडीचा क्लच त्याच इंजिन ऑईलमध्ये बुडालेला असतो. डिझेल इंजिनाचं ऑईल क्लचसाठी बनवलेलं नसतं, प्लेटा घसरायला लागतात, इंजिन ओरडतं आणि गाडी पुढं जात नाही. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ (ऑईलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीची खूण) लिहिलेलं बघा, एमबी असंल तर ते स्कूटरचं. 100 सीसीला साधारण 10डब्ल्यू-30 जाडीचं, लिटरच्या आतच बसतं.

काळं झालं म्हणजे ऑईल आतली घाण धरून ठेवतंय, त्याचं कामच ते. बोटावर चोळल्यावर खरखर लागली, चांदीसारखा चुरा दिसला किंवा दुधाळ झालं तर मात्र लगेच दाखवा, दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय. बदलताना पाच मिनिटं चालवून कोमट करा. खालचा बोल्ट बसवताना आधी दोन-तीन आटे हातानंच फिरले पाहिजेत, मगच पाना, इंजिनाचा आटा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, एकदा खाल्ला की तिथून कायम गळतं. आणि निघालेलं ऑईल बांधावर किंवा ओढ्यात ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजवर द्या, जळकं ऑईल विकत घेणारे तिथं येतात.