बांगलादेशच्या मान्यतेच्या तारखा का जुळत नाहीत

तुम्ही विचारलंय की भारताने ६ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशला मान्यता दिली, तर युनोने १९७४ पर्यंत का दिली नाही? मुळात युनो कोणत्याही देशाला मान्यता देत नाही, सदस्य करून घेते. मान्यता ज्याची त्याने द्यायची असते आणि ती एकतर्फी असते. राजनैतिक संबंध हा त्यानंतरचा भाग, त्याला दोघांचीही संमती लागते.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिने मान्यता दिली ४ एप्रिल १९७२ ला. राजनैतिक संबंध सुरू झाले १८ मे रोजी, ढाक्यातल्या जुन्या कॉन्सुलेटचा दर्जा वाढवून दूतावास केला तेव्हा. कारभार सुरुवातीला प्रभारी अधिकाऱ्याकडेच होता, पूर्ण दर्जाचा राजदूत १९७४ मध्ये आला. राजदूत नेमायचा तर त्याचं नाव आधी गुपचूप कळवून यजमान देशाचा होकार घ्यावा लागतो. मग तो येऊन राष्ट्रप्रमुखाला अधिकारपत्रं सादर करतो. त्यामुळे नेटवरच्या याद्यांमध्ये एकाच देशापुढे दोन-तीन तारखा दिसतात. त्या चुकीच्या असतातच असं नाही.

भारतानेही घाई केली नव्हती. बांगलादेशच्या हंगामी सरकारचा शपथविधी १७ एप्रिल १९७१ ला झाला. दुसऱ्याच दिवशी कोलकात्यातलं पाकिस्तानचं उपउच्चायुक्तालय तिथले उपउच्चायुक्त हुसेन अली आणि त्यांच्या बंगाली सहकाऱ्यांनी बांगलादेशच्या नावे केलं. तरी दिल्लीने मान्यता साडेसात महिने रोखून धरली, कारण ती देणं म्हणजे पाकिस्तानशी उघड युद्ध ओढवून घेणं होतं. ३ डिसेंबरला युद्ध पेटलंच, मग थांबायचं कारण उरलं नाही. पाकिस्तानने त्याच ६ तारखेला भारताशी संबंध तोडले.

आता युनो. तिथे सुरक्षा परिषदेत १५ पैकी ९ मतं हवीत, कायम सदस्यांपैकी कोणाचा नकाराधिकार नको, आणि पुढे महासभेत दोन तृतीयांश बहुमत. २५ ऑगस्ट १९७२ ला ११ मतं बाजूने पडली, तरी चीनच्या एका मताने अर्ज बुडाला. युनोतली जागा मिळाल्यावर कम्युनिस्ट चीनने वापरलेला हा पहिला नकाराधिकार. कारण सांगितलं गेलं ते युद्धकैद्यांचं. सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी भारतात होते आणि त्यांतल्या १९५ जणांवर ढाक्याला युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे होते. जागतिक आरोग्य संघटनेचं सदस्यत्व मात्र मे १९७२ मध्येच मिळालं होतं. तिथे आरोग्य सभेचं साधं बहुमत पुरतं, नकाराधिकाराची भानगड नाही. नव्या देशांनी आधी अशा संघटनांची दारं ठोठावणं शहाणपणाचं असतं, ते यासाठीच.

खरी गाठ सुटली ती लाहोरला. इस्लामी शिखर परिषदेच्या तोंडावर, २२ फेब्रुवारी १९७४ ला, पाकिस्तानचे पंतप्रधान भुट्टो यांनी बांगलादेशला मान्यता दिली. ९ एप्रिलच्या भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्या त्रिपक्षीय करारात ढाक्याने १९५ जणांवरचे खटले सोडून दिले. माझ्या मते सदस्यत्वाची किंमत हीच होती, आणि ती जबर होती. जूनमध्ये सुरक्षा परिषदेने शिफारस केली, १७ सप्टेंबरला महासभेने प्रवेश दिला.

चीनने मात्र तोवरही बांगलादेशला मान्यता दिलेली नव्हती. ती आली ३१ ऑगस्ट १९७५ ला, बांगलादेशचे राष्ट्राध्यक्ष शेख मुजीब यांच्या हत्येनंतर पंधरवड्याने.