कोकणात राहून कडाक्याच्या थंडीतल्या ट्रेल रेसची तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही रत्नागिरीचे, रस्त्यावरच्या दोन हाफ मॅरेथॉन झाल्यात आणि आता जानेवारीत उत्तराखंडातल्या 50 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत नाव घातलंय. तिथे पहाटे पारा शून्याखाली, आणि आपल्याकडे पौषातही रात्री पंखा लागतो. मग सराव करायचा कसा, आणि शर्यत सोडून द्यायची वेळ ओळखायची कशी, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी दापोलीचा. अशा दोन शर्यती धावलोय, त्यातली पहिली 32 किलोमीटरवर सोडावी लागली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धावणारा माणूस नुसत्या थंडीने सहसा गारठत नाही. चढ चढताना अंग इतकं तापतं की शून्यातही घाम फुटतो. गारठतो तो ओला झाल्यावर आणि त्यावर वारा लागल्यावर. पाणी हवेच्या जवळजवळ 25 पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. पारा शून्यावर असताना ताशी 30 किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे सहासारखी लागते. चीनच्या गान्सू प्रांतात मे 2021 मध्ये 100 किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. 172 धावपटू निघाले, वर गेल्यावर अचानक गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला आणि 21 जण गारठून दगावले. त्यात नावाजलेले धावपटू होते. बरेचजण अर्ध्या चड्डीत आणि पातळ टीशर्टात होते. वारा अडवणारं जॅकेट सक्तीच्या सामानाच्या यादीतच नव्हतं. हे घाबरवायला सांगत नाही. बॅगेतलं कोणतं वजन कमी करायचं नाही, हे कळावं म्हणून सांगतोय.

माझं काय चुकलं ते ऐका. सुरुवातीच्या रेषेवर थंडी वाजत होती म्हणून आत सुती बनियन, त्यावर स्वेटर आणि वर जाड जॅकेट घालून निघालो. पहिल्या चढालाच आतून चिंब झालो. धावायची लय लागली होती, थांबून जॅकेट काढायचा कंटाळा केला. डोंगराच्या धारेवर पोचलो तेव्हा वारा सुटला होता आणि ते बनियन बर्फाच्या फडक्यासारखं पाठीला चिकटलं. थोड्या वेळाने भूक लागली म्हणून खिशाची चेन उघडायला गेलो, तर अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकेनात. चेनचा तो एवढासा पत्रा दिसत होता, पण बोटांत येत नव्हता. शेवटी दातांनी ओढली. आत शेंगदाण्याची चिक्की होती, ती दगडासारखी झालेली. दात लागला नाही.

तेव्हा आता सराव. सध्या श्रावण आहे, म्हणजे पावसाचे दीड-दोन महिने अजून तुमच्या हातात आहेत. ते घरात बसून घालवू नका. पाऊस आणि वारा दोन्ही असतील त्या दिवशी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, धावायला जा. विजा चमकत असतील तर मात्र नाही. मोकळ्या सड्यावर तासभर भिजल्यावर 23-24 अंशांतही कशी हुडहुडी भरते ते तुम्हाला ठाऊक असेलच. त्या अवस्थेत जॅकेट काढणं, घालणं, चेन लावणं, खाणं, पाणी पिणं हे सगळं न थांबता जमलं पाहिजे. शेवाळलेल्या पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून सावकाश उतरायचाही सराव करा. छोटी पावलं, वजन थेट पायावर, टाच आपटायची नाही. बर्फावर तसंच चालावं लागतं. शर्यतीच्या सामानाच्या यादीत बुटांना लावायचे खिळे असतील तर ते आधी घरी चार वेळा चढवून-उतरवून बघा.

पाऊस सरला की घाट. तुम्हाला आंबा घाट जवळ. मी खेडकडचा रसाळगड-सुमारगड-महिपतगड हा पट्टा धरतो. दर रविवारी लांब पल्ला, आणि उतारावर जास्त लक्ष द्या. रस्त्यावर धावणाऱ्याच्या मांड्या चढाने नाही, उताराने मोडतात. डिसेंबरात जमलं तर दोन रात्री दापोलीला या. इथे पहाटे चांगलाच गारठा असतो, हातमोजे आणि कपडे तपासून घ्यायला तेवढा पुरतो.

हातांसाठी एक वेगळा सराव सांगतो, आणि तो तुमच्याकडे अगदी सोपा आहे. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीसाठी बर्फ येतो, त्यातला थोडा आणा आणि बादलीत पाण्यात टाका. मनगटापर्यंत दोन्ही हात दोन-तीन मिनिटं बुडवा, मग बाहेर काढून हेडलॅम्प डोक्याला बांधा, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधा, खाऊचं पाकीट उघडा. जे जमत नाही ते शर्यतीतही जमणार नाही. मग तोडगा काढा. मी प्रत्येक चेनला सुतळीचा बोटभर फास बांधला आणि पाकिटं आधीच अर्धी कापून ठेवली. गार पाण्यात बोटं पांढरीफटक पडून दुखत असतील किंवा हृदयाचा, दम्याचा त्रास असेल तर हा प्रयोग करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

कपड्यांचं सूत्र माझ्या आजोबांच्या अंगावर होतं, मला ते उशिरा दिसलं. भाताच्या लावणीला ते खांद्यावर घोंगडी घेऊन चिखलात उभे राहायचे. वरून पाणी निथळायचं आणि आत हात घातला तर ऊब असायची. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब धरते, सूत धरत नाही. तेव्हा अंगाला लागून पातळ लोकरीचा किंवा घाम बाहेर टाकणाऱ्या सिंथेटिक कापडाचा थर, थंडी फारच असेल तर त्यावर पातळ फ्लीस, आणि सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. सुती काहीही नको, चड्डी आणि मोजेसुद्धा. रेषेवर उभे असताना थोडं काकडायलाच हवं. तिथे उबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम येणार. घाम येण्याआधी एक थर काढा, आणि धारेवर पोचण्याआधी, झाडीच्या आडोशालाच, जॅकेट चढवा. कोरडा बनियन आणि मोज्यांचा जादा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. बूट मात्र घट्ट नकोत, जाड मोज्यावर बोटं हलली पाहिजेत.

खाण्याची आपली चंगळ आहे. मी आंबापोळीचे बोटाएवढे तुकडे करून आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवतो. बाहेरच्या खिशात तीही वातड होते. काजू, खजूर चालतात. तासाला 40 ते 60 ग्रॅम कर्बोदकं जातील असं बघा. थंडीत भूक मरते, म्हणून घड्याळ लावून खायचं. शर्यतीच्या वाटेवरच्या मदत-चौकीवर गरम सूप मिळालं तर ते सोडू नका. दुसऱ्या शर्यतीत तर मी आईच्या हातची उकड्या तांदळाची पेज मीठ घालून थर्मासमध्ये नेली होती. 30 किलोमीटरनंतर तिचे चार घोट पोटात गेले आणि पायांत पुन्हा जीव आला.

थंडीत तहानही कमी लागते, तरी पाणी जात असतंच. नळीची पिशवी वापरणार असाल तर प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकर मारून पाणी मागे ढकला, नाहीतर नळी गोठते. बाटली उलटी ठेवा, कारण बर्फ वरून धरायला लागतो. फोन आणि हेडलॅम्पची जादा बॅटरी आतल्या खिशात, गारठ्यात चार्ज भराभर उतरतो. शर्यत अडीच हजार मीटरच्या वर असेल तर दोन-तीन दिवस आधी पोचा. उंचीची सवय किनाऱ्यावर बसून होत नाही.

आता सोडायचं कधी. अंगाचं आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, पण खुणा आधीच दिसतात. सपाट वाटेवर ठेचकाळायला होतं, बोबडी वळते, हाताने साधं काम होत नाही, माणूस उगाच चिडतो किंवा गप्प होतो. अवघड एवढंच की ज्याचं त्याला कळत नाही. म्हणून मी दर अर्ध्या तासाने शंभरापासून सात-सात वजा करत मागे येतो. गाडी अडली की पुढच्या चौकीवर सांगायचं, आणि बरोबरच्याला आधीच विनंती करून ठेवायची की माझं बोलणं अडखळलं तर मला थांबव. हुडहुडी थांबली आणि तरीही अंग गारच असेल, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही, ती धोक्याची पुढची पायरी आहे.

त्या दिवशी चौकीवर मी पोचलो तेव्हा मला वाटत होतं की मी ठीक आहे. तिथे एक पहाडी बाई चहा करत होत्या. मी नाव सांगायला लागलो आणि शब्द नीट फुटेना. त्यांनी माझा शर्यतीच्या नंबराचा बिल्ला काढून बाजूला ठेवला, आडोशाला नेऊन ओलं बनियन उतरवायला लावलं, स्वतःची लोकरी शाल छाती-पोटाभोवती गुंडाळली आणि गोड चहाचा पेला माझ्या हातात न देता स्वतः धरून पाजला. हातपाय चोळले नाहीत, चुलीच्या अगदी तोंडाशीही बसवलं नाही. बाजूच्या एकाने दारू देऊ का विचारलं, तर त्याला त्यांनी हाकललं. हे सगळं त्यांनी बरोबर केलं, ते मला नंतर वाचून कळलं. तासाभराने बोटं हलायला लागली तेव्हा पहिलं काम मी केलं ते त्या खिशाची चेन उघडायचं.